दुकानातून आणलेली निळी जर्सी

कार्लोस बिलार्दो यांच्या हातात कात्री होती. अर्जेंटिनाच्या फुटबॉल संघाचे हे प्रशिक्षक शिक्षणाने डॉक्टर, तेव्हा कात्री धरणं त्यांना नवं नव्हतं. पण या वेळी समोर रुग्ण नव्हता. समोर निळी सुती जर्सी होती आणि बिलार्दो तिला भोकं पाडून बघत होते. आत वारा यावा म्हणून! विश्वचषकाची उपांत्यपूर्व लढत तोंडावर आली होती, प्रतिस्पर्धी इंग्लंड होता आणि ज्या संघात दिएगो मॅरेडोना खेळत होता त्या संघाकडे अंगात घालायला धड जर्सी नव्हती.

ही गोष्ट जून १९८६ची, मेक्सिकोतली. तीन-एक डझन निळ्या जर्सी, आयुष्य जेमतेम नव्वद मिनिटांचं. त्यातली एक पुढे जगातल्या सर्वांत महागड्या कपड्यांत जाऊन बसली. ती कशी, हे समजून घ्यायचं तर आधी घामाकडे वळावं लागतं.

अर्जेंटिनाची ओळखीची जर्सी म्हणजे आकाशी आणि पांढऱ्या उभ्या पट्ट्यांची. ती जर्सी ले कॉक स्पोर्तिफ या फ्रेंच कंपनीने त्या स्पर्धेसाठी मुद्दाम जाळीदार, हलक्या कापडाची बनवली होती. कापडाच्या विणीतच बारीक छिद्रं ठेवण्याची ही कल्पना जुनी आहे. १८८८ साली इंग्लंडमधल्या लँकेशायरमध्ये ‘एरटेक्स’ नावाचं असं कापड बाजारात आलं आणि पुढे खेळाच्या कपड्यांत ही वीण रुळली. पण दोन संघांचे रंग प्रेक्षकांना वेगळे ओळखू यायला हवेत, म्हणून प्रत्येक संघाला एक पर्यायी जर्सीही सोबत ठेवावी लागते. त्या काळात कितीतरी घरांत टीव्ही अजून कृष्णधवलच होते, त्यामुळे एका संघाने फिका आणि दुसऱ्याने गडद रंग घालणं ही चैन नव्हती, गरज होती. अर्जेंटिनाची पर्यायी जर्सी गडद निळी होती. आणि ती जाळीदार नव्हती. जाडजूड सुती होती.

तिची परीक्षा १६ जूनला पुएब्ला शहरात झाली. अंतिम सोळा संघांच्या फेरीत गाठ उरुग्वेशी होती. आकाशी रंगाच्या उरुग्वेसमोर अर्जेंटिनाला निळ्यात खेळावं लागलं. घाम आला, वरून पाऊस आला आणि जर्सी ओल्या घोंगडीसारखी अंगावर लोंबू लागली. पेद्रो पास्कुलीच्या एकमेव गोलवर सामना जिंकला खरा, पण बिलार्दोंच्या मनात ती जर्सी रुतून बसली. पुढची लढत इंग्लंडशी, तीही मेक्सिको सिटीत, भर दुपारी बाराला. इंग्लंड पांढऱ्यात, म्हणजे अर्जेंटिना पुन्हा निळ्यात.

दुपारी बाराच का? कारण त्या वेळी युरोपात संध्याकाळ असते आणि टीव्हीसमोर माणसं असतात. मॅरेडोना आणि त्याचा सहकारी होर्खे वाल्दानो यांनी या वेळांविरुद्ध जाहीर तक्रार केली होती. फुटबॉलच्या जागतिक संघटनेने ती कानाआड केली. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजत होते.

इथे नकाशा उघडून बघण्यासारखा आहे. मेक्सिको सिटी आणि मुंबई जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, दोन्ही १९ अंश उत्तरेच्या थोड्या वर. २२ जूनला सूर्य कर्कवृत्तावर असतो, म्हणजे या अक्षांशावर मध्यान्ही तो जवळपास थेट डोक्यावर येतो. आपल्याकडे त्या दिवसांत ढगांचं छत असतं म्हणून ते जाणवत नाही. मेक्सिको सिटीच्या घड्याळात प्रत्यक्ष मध्यान्ह साडेबाराच्या थोडी पुढे होते. सामना बाराला सुरू, म्हणजे मध्यंतराच्या जरा आधी सूर्य पार माथ्यावर. याचा पुरावा त्या सामन्याच्या कोणत्याही चित्रफितीत दिसतो. अझ्तेका स्टेडियममध्ये मैदानाच्या मध्यावर, वर ताणलेल्या तारांवर ध्वनिक्षेपकांचा एक झुंबरासारखा सांगाडा टांगलेला होता. त्याची सावली तिरकी होऊन कुठे बाजूला गेली नाही, ती मैदानाच्या मधोमध, एखाद्या प्रचंड कोळ्यासारखी पाय पसरून पडली होती. खेळाडू त्या कोळ्यावरून धावत होते. फुटबॉलच्या इतिहासातली ही माझी सर्वांत आवडती सावली.

वर उंचीचा प्रश्न होताच. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून २,२४० मीटरवर आहे. हवेचा दाब तिथे मुंबईपेक्षा एक पंचमांशाहून जास्त कमी, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही तेवढाच कमी.

आता घाम. धावताना स्नायू जेवढी ऊर्जा खर्च करतात, तिचा ढोबळमानाने चौथा हिस्सा हालचालीत जातो, बाकीची उष्णता होते. ती बाहेर टाकली नाही तर माणूस कोसळेल. घाम ही ती उष्णता बाहेर टाकण्याची सोय. पण घाम नुसता येऊन भागत नाही. तो ओघळून जमिनीवर पडला तर वाया गेला. थंडावा मिळतो तो घामाची वाफ होताना. एक लिटर घामाची वाफ व्हायला सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते आणि ती त्वचेकडून ओढली जाते. म्हणून खेळाडूच्या कपड्याचं खरं काम अंग झाकणं हे नाही, वाफेची वाट अडवू नये हे आहे.

सुती कापड नेमकं तिथे चुकतं. कापसाचा तंतू म्हणजे सेल्युलोज आणि सेल्युलोजच्या रेणूंना पाण्याचं विलक्षण आकर्षण. कोरड्या दिसणाऱ्या सुती कापडातही, नेहमीच्या हवेत, त्याच्या वजनाच्या सुमारे आठ टक्के ओलावा मुरलेला असतो. पॉलिएस्टरमध्ये हेच प्रमाण अर्ध्या टक्क्यालाही पोचत नाही. घाम आला की सुताचा तंतू पाणी आत घेतो, फुगतो आणि विणीतली मोकळी जागा बुजत जाते. कापड जड होतं, अंगाला चिकटतं आणि हवा खेळायची थांबते. घरी सावलीत बसलेल्या माणसाला सुती सदरा सुखाचा वाटतो, कारण तो थोडासा घाम हळूच टिपून घेतो. नव्वद मिनिटं धावणाऱ्याचा घाम टिपून घेण्याच्या पलीकडचा असतो. बिलार्दोंची कात्री म्हणजे वेडेपणा नव्हता. त्यांना कापडाचं भौतिकशास्त्र बरोबर कळलं होतं, उपाय तेवढा चुकीचा होता. भोकं पाडलेली जर्सी फाटकी दिसते आणि फाटतही जाते.

कंपनीला विचारलं. निळ्या रंगात जाळीदार जर्सी मिळेल का? एवढ्या थोड्या दिवसांत शक्य नाही, असं उत्तर आलं. मग संघासोबत असलेल्या रुबेन मोस्केला यांना कामाला लावलं गेलं: जा आणि गावातून निळ्या जर्सी शोधून आण. विश्वचषक खेळणाऱ्या देशाचा माणूस मेक्सिको सिटीच्या दुकानांतून जर्सी हुडकत फिरतोय, हे दृश्य डोळ्यांसमोर आणून पाहा. मोस्केला दोन नमुने घेऊन परतले. दोन्ही ले कॉक स्पोर्तिफचेच. बिलार्दो दोन्ही चाचपून बघत राहिले, त्यांचं ठरेना. तेवढ्यात मॅरेडोना तिथे आला. त्याने त्यातली एक उचलली, छान आहे म्हणाला आणि हीच घालून आपण इंग्लंडला हरवणार, असंही सांगून टाकलं. निवड संपली. बिलार्दो पराकोटीचे अंधश्रद्धाळू होते. अशा माणसासमोर मॅरेडोनाने भविष्य उच्चारल्यावर दुसऱ्या जर्सीचा विचार करायला जागाच उरली नाही.

निवडलेली जर्सी चकाकत्या कापडाची होती. निळ्या रंगातच दोन छटांचे उभे पट्टे, उन्हात तिरकं पाहिलं तर दिसणारे. मोस्केला पुन्हा गेले आणि संपूर्ण संघाला पुरतील एवढ्या जर्सी घेऊन आले. पण त्यांवर ना देशाचं बोधचिन्ह ना क्रमांक. अर्जेंटिनाचा मुक्काम मेक्सिकोच्या क्लब अमेरिकाच्या आवारात होता, तेव्हा तिथल्याच शिवणकाम करणाऱ्या बायकांना साकडं घातलं गेलं. त्यांनी सामन्याच्या आदल्या दिवशी बसून बोधचिन्हं टाचली. ती जुन्या नमुन्याची होती. अर्जेंटिना फुटबॉल संघटनेच्या त्या वेळच्या चिन्हाभोवती लॉरेलच्या पानांची महिरप असायची. या चिन्हांत पानंच नव्हती. क्रमांक तर आणखी गमतीचे. मेक्सिकोत अमेरिकन फुटबॉल बराच खेळला जातो, त्या खेळाच्या जर्सीवर लावायचे रुपेरी, चमकी असलेले आकडे हाताशी लागले. तेच इस्त्रीने पाठीवर चिकटवले. चमकी खेळाडूंच्या अंगाला, तोंडाला लागत होती. पाऊस आला असता तर क्रमांकांचं काय झालं असतं, या विचाराने संघातल्यांच्याही पोटात गोळा आला होता. सुदैवाने त्या दुपारी ऊन होतं.

एवढ्या मोठ्या स्पर्धेत असा गोंधळ आणि तोही एकदाच? मुळीच नाही. फुटबॉलचा इतिहास उसन्या कपड्यांनी भरलेला आहे आणि त्यात अर्जेंटिना जुना गुन्हेगार. १९५८ सालच्या विश्वचषकात स्वीडनमध्ये पश्चिम जर्मनीशी सामना होता आणि अर्जेंटिनाकडे पर्यायी जर्सीच नव्हती. मग माल्मो गावातल्या आयएफके माल्मो या क्लबच्या पिवळ्या जर्सी घालून संघ उतरला आणि हरला. त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ब्राझीलची गत याहून मजेशीर. यजमान स्वीडनही पिवळा, ब्राझीलही पिवळा. ब्राझीलच्या मंडळींनी स्टॉकहोमच्या दुकानातून निळ्या जर्सी आणल्या, पिवळ्या जर्सींवरची चिन्हं उसवून त्यांवर शिवली. खेळाडू रंग बदलल्याने धास्तावले, तेव्हा संघाचे प्रमुख पाउलो माशादो द कार्वाल्यो यांनी सांगितलं की निळा हा तर ब्राझीलची रक्षणकर्ती मानल्या जाणाऱ्या आपारेसिदाच्या देवीमातेच्या वस्त्राचा रंग आहे. ब्राझील ५-२ असा जिंकला, सतरा वर्षांच्या पेलेने दोन गोल केले. १९७८ साली तर अर्जेंटिनातल्याच मार देल प्लाता इथे फ्रान्स आणि हंगेरी दोघेही पांढरे कपडे घेऊन आले, आणि फ्रान्सला किंबर्ली नावाच्या स्थानिक क्लबच्या हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या जर्सी मागून आणाव्या लागल्या. आज जर्सीचं अनावरण महिनोन्महिने आधी, दिव्यांच्या झगमगाटात होतं. तेव्हा ती गरजेची वस्तू होती, बुटांच्या नाडीसारखी.

२२ जून १९८६. अझ्तेकात १,१४,००० वर माणसं. चार वर्षांपूर्वी फॉकलंड बेटांवरून, ज्यांना अर्जेंटिनात माल्विनास म्हणतात, दोन्ही देशांत ७४ दिवसांचं युद्ध झालं होतं. अर्जेंटिनाचे ६४९ आणि ब्रिटनचे २५५ सैनिक त्यात गेले. हा निव्वळ खेळ आहे, असं खेळाडू सामन्याआधी पत्रकारांना सांगत होते. कोणाचाच त्यावर विश्वास नव्हता, सांगणाऱ्यांचाही नसावा.

पूर्वार्धात गोल नाही. मग ५१वं मिनिट. मॅरेडोनाने चेंडू पुढे ढकलला, तो इंग्लंडच्या स्टीव्ह हॉजकडे गेला आणि हॉजने मारलेला फटका उंच उडून त्याच्याच गोलरक्षकाकडे आला. पीटर शिल्टनची उंची १८५ सेंटिमीटर, मॅरेडोनाची १६५. शिल्टनला हात वापरायची मुभा होती. तरीही चेंडूला आधी स्पर्श झाला तो मॅरेडोनाच्या डाव्या मुठीचा. ट्युनिशियाचे पंच अली बेन्नासेर यांना ते दिसलं नाही, गोल मान्य झाला. यात थोडं डोकं होतं नि थोडा देवाचा हात होता, असं मॅरेडोनाने नंतर सांगितलं. आजवर कोणीही याहून सुंदर शब्दांत लबाडी कबूल केली नसेल.

चार मिनिटांनी दुसरा. आपल्याच अर्ध्यात चेंडू घेतला, जागेवर गिरकी मारून दोघांना मागे टाकलं आणि सुमारे दहा सेकंदांत अकरा स्पर्शांत, एकामागून एक इंग्लिश बचावपटूंना नि अखेर शिल्टनलाही चकवून चेंडू जाळ्यात. अकराही स्पर्श डाव्या पायाचे. त्याच्या पाठीवरचा चमकीचा १० उन्हात लकाकत होता. नंतर गॅरी लिनेकरने एक गोल परत केला, पण अर्जेंटिना २-१ असा जिंकला. त्यानंतर उपांत्य सामना आणि अंतिम सामना अर्जेंटिना आपल्या पट्ट्यांच्या जर्सीत खेळला, विश्वचषक जिंकला. दुकानातल्या निळ्या जर्सींचं काम एका दुपारीच संपलं होतं.

सामना संपल्यावर बोगद्यात स्टीव्ह हॉज आणि मॅरेडोना समोरासमोर आले. हॉजने खुणेने विचारलं, मॅरेडोनाने जर्सी काढून दिली. ज्याच्या चुकलेल्या फटक्यातून पहिला गोल जन्मला, त्याच्याच घरी ती जर्सी गेली. हॉजने पुढे आत्मचरित्र लिहिलं, त्याचं नावच ‘मॅरेडोनाची जर्सी असलेला माणूस’ अशा अर्थाचं आहे. विनोदबुद्धी शाबूत असलेला गृहस्थ. जर्सी त्याने धुतली नाही, असं तो सांगत असे. पुढे वीस वर्षं ती इंग्लंडच्या राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालयात उसनी ठेवलेली होती.

२०२२च्या एप्रिलमध्ये सदबीज या लिलावगृहाने ती विक्रीला काढली आणि वाद पेटला. मॅरेडोनाची मुलगी दाल्मा म्हणाली की ही ती जर्सी नव्हेच. मध्यंतरात खेळाडूंनी जर्सी बदलल्या होत्या. हॉजकडे आहे ती पूर्वार्धातली, गोलची नव्हे. शंका रास्त होती. दोन्ही गोल उत्तरार्धातले. पूर्वार्धातली जर्सी म्हणजे मॅरेडोनाची एक जर्सी, उत्तरार्धातली म्हणजे ती जर्सी. दोन सारख्या दिसणाऱ्या निळ्या कपड्यांमधला फरक शोधायचा कसा?

इथे या गोष्टीतली मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट घडते. जर्सी कारखान्यातून नीट तयार होऊन आली असती, तर फरक सापडणं फार अवघड होतं. कारखाना प्रत्येक जर्सीवर चिन्ह त्याच जागी, त्याच कोनात बसवतो. पण या जर्सी घाईत हाताने पुऱ्या केलेल्या. प्रत्येकीवर चिन्ह किंचित वेगळ्या जागी टाचलेलं, कापडाच्या पट्ट्यांवर त्याची कड वेगळ्या ठिकाणी आलेली, आकडा थोडा वेगळा बसलेला. सामन्याची असंख्य छायाचित्रं उपलब्ध होती. तज्ज्ञांनी चिन्ह, पट्टे आणि क्रमांक यांचे बारकावे उत्तरार्धातल्या छायाचित्रांशी ताडून पाहिले आणि हॉजकडची जर्सी तीच, दोन्ही गोलांच्या वेळची, असा निर्वाळा दिला. क्लब अमेरिकातल्या त्या शिवणाऱ्या बायकांच्या घाईनेच छत्तीस वर्षांनी साक्ष दिली.

४ मे २०२२ रोजी लिलाव संपला. किंमत ७१ लाख ४२ हजार ५०० पौंड, त्या वेळच्या दराने पासष्ट-सत्तर कोटी रुपये. तुलनेसाठी सांगतो, पेलेने १९७०च्या अंतिम सामन्यात घातलेली जर्सी २००२ साली दीड लाख पौंडांच्या थोडी वर गेली होती. मॅरेडोनाच्या जर्सीची किंमत ही खेळाडूने सामन्यात घातलेल्या कपड्याला तोवर मिळालेली सर्वोच्च किंमत. विक्रम फार टिकला नाही, त्याच सप्टेंबरात बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनची १९९८ची जर्सी त्यापुढे गेली. फुटबॉलच्या जर्सीत मात्र तिच्याजवळ कोणी पोचलेलं नाही. नोव्हेंबर २०२२मध्ये त्या सामन्याचा चेंडूही विकला गेला, वीस लाख पौंडांना. विकणारे होते पंच अली बेन्नासेर. ज्यांना हात दिसला नाही, चेंडू त्यांच्याकडेच राहिला होता!

शिवणकाम करणाऱ्या त्या बायकांची नावं मात्र या गोष्टीत कुठेच येत नाहीत. पासष्ट-सत्तर कोटींच्या त्या वस्तूवर सर्वांत कमी प्रकाश पडला तो तिला खरी ओळख देणाऱ्या हातांवर, आणि हे मला अन्यायाचं वाटतं.

आता जुन्या धाटणीच्या जर्सींची हौस जगभर आहे, आपल्याकडेही आहे, आणि ही निळी जर्सी त्या हौशी लोकांच्या यादीत अगदी वर असते. गंमत म्हणजे नक्कल करणारे त्या वेळच्या चुकाही निष्ठेने उतरवतात: रुपेरी आकडा, छटांचे पट्टे, जुनं चिन्ह. तेव्हा कोणी तुम्हाला ‘१९८६ची, इंग्लंडविरुद्धची’ म्हणून निळी जर्सी दाखवली, तर आधी छातीवरचं चिन्ह बघा. त्याभोवती पानांची महिरप असेल तर ती त्या सामन्याची नक्कल नाही, दुकानदार काही का म्हणेना.